बसून घेतलेलं माप

वहिनी, तुला जायला हाच आठवडा सापडला? सगळी खरेदी वेळ पाहून करणारी बाई तू. दिवाळीचे कपडे दिवाळी सरल्यावर, स्वेटर उन्हाळ्यात, छत्री हिवाळ्यात. गर्दी ओसरली की दुकानदार आपोआप नरम येतो, असं तुझं म्हणणं. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र ही घाई, तीही पूनमच्या मुलाखतीच्या तोंडावर. माझा राग अजून गेलेला नाही. रडू येण्याच्या आधी तो येतो आणि रडून झाल्यावरही उरतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

तुझी पूनम, माझी भाची, आपल्या मासेमारीच्या घरातून नागपूरला जाऊन मासोळ्यांचंच शिक्षण घेऊन आली. मत्स्य खात्यात अधिकारी व्हायचं, लेखी परीक्षा झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं. तू साऱ्या गावाला सांगितलंस. नागभीडच्या बाजारात मासोळी घ्यायला आलेल्या अनोळखी बायांनाही सांगितलंस. आणि मुलाखतीचा दिवस आला तो नेमका तुझ्या तेरवीच्या आत, सुतकात. पोरीनं जायचं की नाही, आणि गेलीच तर अंगावर काय घालून, यावर घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, काऊन पेपरवाल्यावानी बोलून राह्यली?" तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत जात होते, तरी पहिल्या दिवसापासून तू मला बाई म्हणालीस, कारण मी नणंद. मान देतेस असं वाटून मी फुगायचे. पण त्याच "बाई"नं तू मला गप्पही करायचीस. गडचिरोलीला नोकरीत इतकी वर्षं काढून माझी बोली जराशी सुधारली की बिघडली, यावरही आपलं भांडण व्हायचं. ते राहू दे.

तुझं माहेरही जाळ्यांचंच. ओसरीत जाळं विणायला बसलीस की जाळ्याचा डोळा तू बोटांनी मोजायचीस, फूटपट्टी तुला कधी लागली नाही. कपड्यांचं मापही तू तसंच घ्यायचीस. हातभर दोरा काढायचा, अंगाला लावायचा, गाठ मारायची. एक गाठ खांद्याची, एक छातीची, एक कमरेची, एक लांबीची. आठवडी बाजारात ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग असतो, तिथे घालून पाहायची सोय कुठली? तू दोरा ढिगातल्या कपड्यावर ताणायचीस आणि गाठ जुळली की तो कपडा बाजूला.

माझ्या पहिल्या मुलाखतीचा कुर्ता आठवतो? मी चंद्रपूरला लॅबचं शिकत होते, गडचिरोलीला जागा निघाली. एका दिवसापुरती घरी आले, तू दारात उभं करून माझं माप घेतलंस आणि मी परत गेले. तू बाजारात आधी मासोळ्या विकल्यास, मग कपडा पाहिलास. मी पुन्हा आले तर आभाळी रंगाचा, बारीक फुलांचा कुर्ता तयार. इतका छान की मी तुझ्या गळ्यात पडले. घालायला गेले तर खांद्यातच अडकला. तू म्हणालीस, चंद्रपूरले काय खाते तू? मी म्हटलं, तुझं माप चुकलं. तू म्हटलंस, माझं माप चुकत नाही. आपलं चांगलंच जुंपलं. शेवटी आईनं तो दोरा हातात घेतला, नाकाला लावला आणि हसायला लागली. दोरा सुती, तो तू मासोळीच्या टोपलीत टाकला होतास. पाणी पिऊन तो आखडला होता, आणि त्या आखडलेल्या दोऱ्यानं तू कुर्ता घेतला होतास. तू इतकी हसलीस की तुला भिंतीला टेकावं लागलं.

मग तू ब्लेड घेतलंस. कारखान्यातल्या कपड्यात शिवणीच्या आत थोडं कापड दाबलेलं असतं, ते तू सगळं मोकळं केलंस. कुर्ता बसला. मी आरशात पाहून खूश. तू म्हणालीस, आता बस. मी पाटावर बसले. "पाटावर नाई, खुर्चीवर." खुर्चीवर बसले आणि कुर्ता पोटाशी चढला, काखेत ओढला. तू नाव-गाव विचारलंस तर सांगता सांगता मी अडखळले आणि नकळत खालून तो खेचला. तू ते पाहिलंस.

"उभी राहून कोणती मुलाखत देशील तू? बसूनच ना? मंग उभीचं माप घेऊन मी का करू?"

पुन्हा ब्लेड. बाजूची चीर वर नेली, काखेत जास्तीच्या कापडाची कळी बसवली. त्या दिवसापासून तू कोणाचंच माप उभं करून घेतलं नाहीस, आणि सुती दोऱ्याला हात लावला नाहीस. जाळ्याचा नायलॉनचा दोरा, तो कितीही भिजला तरी तसाच. मला ती नोकरी लागली. आजही मी लॅबमध्ये स्टुलावर बसते आणि माझा कुर्ता कुठेच ओढत नाही. सोबतच्या बाया विचारतात, कुठं शिवते? मी सांगते, वहिनी शिवते. अजून असंच तोंडात येतं, शिवते.

तुझी घासाघीस पाहायला मी मुद्दाम बाजारात यायचे. जे घ्यायचं त्याकडे तू पाहायचीच नाहीस. आधी दुकानदाराच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायचीस. मग दुसराच कपडा उचलायचीस, तो उलटा करून शिवण पाहायचीस, ठेवून द्यायचीस. बाजार उठायच्या वेळी, तो ताडपत्री गुंडाळायला लागला की, मनातला कपडा सहज हातात आल्यासारखा घ्यायचीस. खोट असलेल्या मालाचा एक दुकानदार होता, त्याला तू सरळ म्हणायचीस, "खोट कुठी आहे ते आधी सांग, मंग भाव सांग." खोट टेबलाखाली झाकली जाईल अशा जागी असली की कपडा मुलाखतीला पास. हाताच्या बाहीवर असली की नापास. आणि हीच तू, तुझ्या मासोळीचा भाव कोणी पाडून मागितला तर अशी चवताळायचीस की गिऱ्हाईक पुढच्या बाजारी लांबून जायचं. मी म्हटलं, तू करतेस ते चालतं, त्यानं केलं तर नाही? तू म्हणालीस, कपडा उद्याही राहते, मासोळी राहते का?

हळूहळू गावातल्या पोरी यायला लागल्या. नर्सिंगच्या, अंगणवाडीच्या, बँकेच्या मुलाखतीच्या. आजूबाजूच्या गावांतूनही. आपल्या ढिवरांच्या, बौद्धांच्या, गोंडांच्या, कोणाचीही असो, अंगणातल्या त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर तू तिला बसवायचीस आणि समोर स्वतः साहेब होऊन बसायचीस. नाव सांगा. गाव सांगा. हसायचं नाही. पोरगी उत्तर देत असताना तू तिच्या तोंडाकडे पाहायचीच नाहीस, तिच्या हातांकडे पाहायचीस. हात ओढणीकडे गेला, ओढणीला पिन. हात गळ्याकडे गेला, गळा लहान कर. हात एकदा जरी कपड्याकडे गेला तरी ती शिवण उसवायची, हा तुझा कायदा. आणि नवा कपडा घालून कोणाला जाऊ द्यायचं नाही, हा दुसरा. दोनदा धुवायचा, खळ काढायची, तो घालून एक दिवस घरातली कामं करायची. अंगाला ओळखीचा झाला की मगच मुलाखत. पोरी कुरकुरायच्या. नवा ड्रेस घालून कांदे चिरायला कोणाला आवडतं?

आपलं खरं भांडण यावरच होतं आणि ते अर्धवटच राहिलं. मी म्हणायचे, वहिनी, हुशारी लागते, कपड्यानं काही होत नाही. तू पोरींच्या डोक्यात उगाच कपडे भरवतेस. तू फार वेळ ऐकून घ्यायचीस. एकदाच बोललीस, जाळ्याला गाठ मारता मारता.

"कपड्यानं नौकरी भेटत नाई, मले मालूम आहे. पण कपड्यात जीव अडकला का जे येते तेही सांगता येत नाई. तुले त येत होतं ना सारं? मंग त्या दिवशी घरी खुर्चीवर बसल्या बसल्या काऊन अडखळली?"

मला उत्तर नंतर सुचलं, गडचिरोलीच्या बसमध्ये, आणि मी ते पुढच्या वेळेसाठी ठेवलं. आता ते माझ्याजवळच राहिलं. चांगलं उत्तर होतं गं.

पूनमच्या वेळी तू मला फोनवर रोज छळलंस. तुझं म्हणणं, साडी. अधिकारी बाई साडीतच दिसते. माझं म्हणणं, कुर्ता, तिला साडीची सवय नाही. तू म्हणायचीस, सवय लावू. मी म्हणायचे, मुलाखत तिची आहे, तुझी नाही. तू फोन ठेवायचीस. शेवटचा फोनही असाच ठेवलास. त्याचं मला वाईट वाटत नाही, खरं सांगते. आपण गोड बोलून फोन ठेवला असता तर ते शेवटचं बोलणं आपल्या दोघींचंच होतं असं मला वाटलंच नसतं.

तुझ्या छातीत दुखलं आणि दादा गाडी काढेपर्यंत सगळं संपलं. मी गडचिरोलीहून पोचले तेव्हा तुला अंगणात आणलं होतं. तुझ्या भावानं माहेरची हिरवी साडी आणली होती, रीतीप्रमाणे. कोरी, घडीची, खळ तशीच. बाया तुला ती नेसवत होत्या आणि ती कडक साडी तुझ्या अंगाला बसतच नव्हती, चुण्या उभ्याच राहत होत्या. मला एकच सुचत होतं, की हिला न धुतलेला कपडा चालत नाही, कोणीतरी आधी धुवा. मी ते मोठ्यानं बोलले बहुतेक. मोठी आईनं माझा हात धरला आणि मी मग मोठ्यानं रडले.

मोठी आई म्हणजे आपल्या घरातली सगळ्यात म्हातारी, आमची थोरली काकू. रीतभात तिच्या हातात. दोन-तीन दिवसांनी पूनमच्या मुलाखतीची गोष्ट निघाली तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, सुतकात पोरीनं घराबाहेर पडायचं नाही, आणि नवं कापड तर अंगाला लावायचंच नाही. दादा खाली पाहत बसला. पूनम म्हणाली, मी जातच नाही. मी उठले. वहिनी, मी किती वाईट बोलले ते तुला सांगत नाही. तुझ्या पोरीचं आयुष्य, तुझी इतकी वर्षांची धडपड, हे सगळं मी अंगणात उभी राहून म्हणाले. मोठी आई चिडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाहेर जायचं पाहून घेऊ. तुझा दादा संग जाईल. पण कोरं कापड मी घालू देणार नाई. तिच्या मायच्या नावानं सुतक आहे. ते पाळाच लागते."

जुन्या कपड्यांत पूनमजवळ मुलाखतीला जाण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजचे जीन्स-टॉप आणि घरातले विटलेले ड्रेस. मी पूनमला विचारलं, आईनं काही घेतलं होतं का? ती म्हणाली, हो, आणि आतून कुर्ता घेऊन आली. साडी नाही, कुर्ता! दुधी रंगाचा, बारीक निळ्या काठाचा. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं सांगितलं, आईनं आधी साडीच नेसवली होती. खुर्चीवर बसवलं, साहेब झाली, नाव-गाव विचारलं. पूनमचा हात पदराकडे गेला. पुन्हा गेला. आईनं साडीची घडी करून पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गेली. म्हणजे भांडण मी जिंकलेच नाही, पदरानं जिंकलं. आणि मला फोन करून तेवढं सांगायचं तुझ्यानं झालं नाही! मी त्या दुःखात हसले, दादानं चमकून पाहिलं.

पण मोठी आईसमोर कुर्ता ठेवला तर ती म्हणाली, हा नवाच आहे. मी म्हटलं, नाही. तिनं कुर्ता हातात घेतला. काठ दोन बोटांत चोळला, तू चोळायचीस तसाच. नाकाला लावला. खळीचा वास नव्हता. उलटा केला. आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर, हळदीचा डाग होता. पिवळा, धुवून फिका झालेला. पूनम रडायला लागली. आईनं तो तिच्या अंगावर घालून तिला अख्खा दिवस कामाला लावलं होतं, मासोळीच्या रश्श्याला फोडणी द्यायला लावली होती, तेव्हा पडला. तू दोनदा धुतलास, तरी गेला नाही. तू म्हणालीस म्हणे, राहू दे, टेबलाखाली येते तो.

मोठी आई तो डाग अंगठ्यानं चोळत राहिली. मग तिनं कुर्ता पूनमच्या मांडीवर ठेवला.

"हे कोरं नाई. घरात वागलेलं, धुतलेलं कापड आहे. तिनंच वागवलं. जाय माय, घालून जाय."

वहिनी, तिनं रीत मोडली नाही. आणि मी जे आरडून-ओरडून करू शकले नाही ते तुझ्या फोडणीनं केलं.

आता पुढचं ऐक. पूनम त्या दिवसांत नीट जेवत नव्हती, कुर्ता कमरेत सैल झाला. मशीन तुझ्या खोलीत, मशीनच्या खणात नायलॉनचा दोरा. मला शिवण येत नाही, तुला माहीत आहे, तू माझ्या टीपेला वाकडी नदी म्हणायचीस. तरी मी लाल खुर्ची अंगणात आणली, पूनमला बसवलं आणि माप घ्यायला लागले. ती म्हणाली, आत्या, आई पाठीमागून मोजायची. मी पाठीमागे गेले. दोऱ्यावर तुझ्या जुन्या गाठी होत्या, नायलॉनच्या, घट्ट, सुटेनात. मी त्या तशाच ठेवल्या आणि शेजारी माझी एक मारली. टीप मारली ती वाकडीच आली. उसवली, पुन्हा मारली. मग मी समोर बसले, साहेब झाले. नाव सांगा. गाव सांगा. आईचा व्यवसाय काय, हे मी ठरवून विचारलं नव्हतं, तोंडून निघालं. पूनम म्हणाली, आई जाळी विणायची, मासोळ्या विकायची आणि लोकांना मुलाखतीला तयार करायची. तिचे हात मांडीवर होते. मी पाहत होते, फक्त हातांकडेच.

सकाळच्या एसटीनं दादा तिला नागपूरला घेऊन गेला. दादानं तू घेतलेला चौकड्याचा शर्ट घातला होता, तोही धुतलेलाच. जाताना मोठी आईनं दारातून हात हलवला. आम्ही दोघी दिवसभर ओसरीत बसलो. ती तुझ्या अर्ध्या जाळ्याकडे पाहत होती आणि मी रस्त्याकडे. मला इतका अभिमान वाटत होता, वहिनी, की तो दुःखासारखाच छातीत दाटला होता. आपल्या ओसरीतली पोरगी कुठल्या तरी मोठ्या टेबलासमोर बसली असेल, तिच्या अंगावर तुझं माप असेल, आणि समोरच्या कोणाला ते कधी कळणार नाही. तुला कोणी शिकवलं नव्हतं. तू कधी कुठल्या मुलाखतीला बसली नव्हतीस. आज ही तुझी पोरगी बसली होती, मीही कधी बसले होते, आणि त्या साऱ्या पोरी, ज्या तुझ्या मयतीला कुठून कुठून आल्या, कोणी सुट्टी टाकून, कोणी ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यातच. अंगणात जागा पुरली नाही.

दिवेलागणीला ते परत आले. दादानं चपला काढल्या आणि पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, लय वेळ आत होती, हसत बाहेर आली. पूनमनं तिथे काय काय विचारलं ते सांगितलं, तलावांचं, मासोळीच्या बीजाचं, पाण्यातल्या कशाकशाचं. मला अर्धं कळलं, मोठी आईला तेवढंही नाही, तरी ती मान हलवत राहिली. निकाल यायचाय अजून. येईल तेव्हा येईल, मी येऊन सांगेन.

मी तिला पाणी दिलं. काही विचारणार होते, पण तिनंच ग्लास खाली ठेवला, कुर्त्याच्या खालची पट्टी उलटी करून तो पिवळा डाग एकदा पाहिला, नीट केला आणि म्हणाली,

"आत्या, हात नाई गेला. एकदाही नाई."

शिवण उसवायची गरज नाही, वहिनी.